विद्यापीठातली नोकरी: जाहिरात वाचण्यापासून रुजू होण्यापर्यंत

विद्यापीठात जागा निघाल्यात म्हटलं की बहुतेकांच्या मनात प्राध्यापकाचं पद येतं. पण राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरतीचं पान उघडून पाहा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्र), प्रकल्प सहायक, क्षेत्र अन्वेषक, तासिका तत्त्वावरचे अध्यापक, लिपिक-टंकलेखक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, कधी थेट परीक्षा नियंत्रक, सगळे एकाच यादीत. या जागांचे नियम वेगळे, पैसा वेगळा, निवडीची पद्धतही वेगळी. एम.एस्सी., एम.ए. करून गावी परतलेली कितीतरी हुशार मुलंमुली या जागांपर्यंत पोचतच नाहीत. एक तर जाहिरात त्यांना दिसत नाही, आणि दिसली तरी तिचा अर्थ उलगडून सांगणारं जवळ कोणी नसतं. त्यांच्यासाठी हा लेख मी जरा तपशिलात लिहितो आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या शासकीय विद्यापीठांची आहेत. गोव्यातल्या वाचकांनाही बराच भाग लागू पडेल.

आधी पाहा: पगार कुणाच्या पैशातून?

जाहिरात हाती आली की पात्रता वाचण्याआधी हा प्रश्न विचारा. बाकी जवळजवळ सगळं यावरून ठरतं.

पहिला प्रकार मंजूर पदांचा. सहायक प्राध्यापक, सहायक कुलसचिव, कक्ष अधिकारी, लिपिक ही पदं शासनाने मंजूर केलेली असतात आणि त्यांचा पगार शासनाच्या अनुदानातून येतो. म्हणून इथे आरक्षण आहे, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी) आहे, सातवा वेतन आयोग आहे. भरतीलाही शासनाची परवानगी लागते. त्यामुळे या जागा क्वचित निघतात आणि निघाल्या तरी प्रक्रिया लांबते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना सरसकट लागू नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतल्या तात्पुरत्या जागांचा. अकरा महिन्यांचे कंत्राटी कर्मचारी आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक यात येतात. यांच्या जाहिराती बहुतेक जून ते ऑगस्टच्या सुमारास, सत्र सुरू होण्याच्या आसपास येतात.

तिसरा प्रकार संशोधन प्रकल्पांतल्या जागांचा, आणि नुकतंच पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी खरा दरवाजा हाच. एखाद्या प्राध्यापकाला केंद्राच्या डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्र संशोधन परिषद), राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग किंवा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडून निधी मिळतो. (पूर्वीचं एसईआरबी 2024 पासून या फाउंडेशनमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या जाहिरातींत ते नाव दिसेल.) त्या निधीत मनुष्यबळाची तरतूद असते. प्राध्यापक म्हणजे प्रमुख अन्वेषक, विभागात सगळे त्यांना ‘पीआय’ म्हणतात. जागा एक किंवा दोन असतात. प्रकल्प संपला की जागाही संपते, आणि ‘कायम सेवेचा कोणताही हक्क राहणार नाही’ हे वाक्य जाहिरातीत असतंच. ते वाचून दचकू नका. ही जागा नोकरीची पायरी आहे. दोन-तीन वर्षांचं काम, एखाद-दोन शोधनिबंध आणि शक्य झालं तर पीएच.डी.ची नोंदणी, एवढं तिच्यातून मिळवायचं असतं.

जाहिराती कुठे शोधायच्या

मंजूर पदांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, त्या सहसा चुकत नाहीत. प्रकल्पाच्या जागा मात्र बऱ्याचदा दोन पानांच्या पीडीएफच्या रूपात संकेतस्थळावर टाकल्या जातात आणि मुदत दहा-पंधरा दिवसांची असते. त्यातही त्या मुख्य भरतीच्या पानावर नसून विभागाच्या सूचनाफलकाच्या पानावर असू शकतात. म्हणून दर सोमवारी ठरावीक आठ-दहा पानं उघडायची सवय लावा: आपल्या विषयाचा विभाग असलेली दोन-तीन विद्यापीठं, आणि त्यांच्या जवळच्या संशोधन संस्था. पुण्यात राहत असाल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबरोबर आयसर, एनसीएल, आघारकर संशोधन संस्था आणि आयुका. मुंबईत मुंबई विद्यापीठ, आयसीटी, टीआयएफआर आणि आयआयटी. कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नांदेड, अमरावती, सोलापूर, गडचिरोली इथल्या विद्यापीठांत अर्जदार तुलनेने कमी असतात. पुण्या-मुंबईचा हट्ट सोडला तर पहिली संधी तिथे लवकर मिळते, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘विद्यापीठात मेगाभरती’च्या चित्रावर विसंबून अर्ज करू नका. मूळ पीडीएफ विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर आहे का ते बघा. शासकीय विद्यापीठांच्या पत्त्याचा शेवट साधारणपणे ‘एसी डॉट इन’ असा असतो. प्रकल्पातल्या जागेसाठी कुणी वैयक्तिक खात्यात पैसे मागितले तर तिथेच थांबा.

एक जाहिरात ओळीओळीने

समजा, रसायनशास्त्र विभागाची अशी जाहिरात आहे: ‘डीएसटी पुरस्कृत प्रकल्पासाठी कनिष्ठ संशोधन अधिछात्र, एक जागा. पात्रता एम.एस्सी. रसायनशास्त्र किमान 55 टक्के, नेट किंवा गेट उत्तीर्ण. अधिछात्रवृत्ती दरमहा 37,000 रुपये अधिक नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. कालावधी सुरुवातीला एक वर्ष, कामगिरीनुसार प्रकल्प संपेपर्यंत मुदतवाढ.’

नेट आणि गेट या राष्ट्रीय पातळीवरच्या पात्रता परीक्षा. आता रकमेपासून सुरुवात करू. 1 जानेवारी 2023 पासून केंद्राने जेआरएफची रक्कम 31,000 वरून 37,000 केली आणि एसआरएफची, म्हणजे वरिष्ठ अधिछात्राची, 42,000. रिसर्च असोसिएटच्या तीन पायऱ्या 58,000, 61,000 आणि 67,000 अशा आहेत. घरभाडं केंद्राच्या दराने मिळतं. सध्या पुणे, मुंबईसारख्या शहरांना 30 टक्के, नागपूर, नाशिक, कोल्हापूरसारख्यांना 20 आणि लहान गावांना 10 टक्के दर आहे. म्हणजे पुण्यात हातात 48,100 आणि कोल्हापुरात 44,400. वसतिगृहात खोली मिळाली तर घरभाडं मिळत नाही. आकडा याहून बराच कमी दिसला तर पद ‘प्रकल्प सहायक’ किंवा ‘प्रोजेक्ट असोसिएट’ आहे का ते बघा. त्यांचे दर वेगळे असतात, आणि प्रोजेक्ट असोसिएटला नेट-गेट झालेल्यांसाठी एक रक्कम आणि न झालेल्यांसाठी कमी रक्कम असते. नेट नाही म्हणून अर्जच न करणारे खूप जण मी पाहिले आहेत. त्यांनी हीच पदं शोधायला हवीत.

‘55 टक्के’ म्हणजे पदव्युत्तर पदवीचे. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर करण्याचं विद्यापीठाचं सूत्र किंवा प्रमाणपत्र सोबत जोडा. छाननीत अर्ज बाजूला पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला पूर्ण असावी लागते. निकाल लागायचा असेल तर जाहिरातीत तशी मुभा दिलेली आहे का ते वाचा.

‘प्रकल्प संपेपर्यंत’ हे शब्द दिसले की प्रकल्प केव्हा सुरू झाला याची चौकशी करा. तीन वर्षांच्या प्रकल्पाची दोन वर्षं आधीच उलटली असतील तर तुमच्या वाट्याला एकच वर्ष उरतं. पीएच.डी.चा विचार असेल तर हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात.

कागद आधी, अर्ज नंतर

जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावाधाव करणाऱ्याची मुदत तिथेच संपते. म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकून घ्या.

दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट, सेट (नेटसारखी राज्य पातळीवरची परीक्षा) किंवा गेटचं प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र आणि जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्रासह. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागासवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) उमेदवारांना चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेअर लागतं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. इथे एक बारकावा आहे. राज्याच्या विद्यापीठाला राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, पण आयसर, आयआयटी, एनसीएल या केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र हवं असतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा प्रवर्ग फक्त राज्याचा आहे. केंद्रीय संस्थेत अर्ज करताना मराठा उमेदवारांनी आर्थिक दुर्बल घटकाचे निकष आपल्याला लागू पडतात का ते पाहावं आणि ते प्रमाणपत्र वेगळं काढून ठेवावं.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलंच पाहिजे. गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं, एवढ्यावरून चांगल्या उमेदवारांचे अर्ज अडकतात, याचं फार वाईट वाटतं.

अर्ज आणि पीआयला लिहायची ईमेल

प्रकल्पाच्या जागेला बायोडेटाचं वजन मोठं असतं. पीआयला एकाच गोष्टीत रस असतो: हा मुलगा, ही मुलगी आल्यावर काम लगेच सुरू करू शकेल का? म्हणून ‘संशोधनाची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका आणि त्या जागी हाताने केलेलं काम लिहा. ‘एम.एस्सी.च्या प्रकल्पात झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार केले, एक्सआरडी आणि यूव्ही-व्हिजिबलच्या नोंदी स्वतः घेतल्या, आलेख ओरिजिनमध्ये काढले’, एवढ्या दोन ओळी पानभर विशेषणांना भारी पडतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्राच्या मुलांनी किती गावांत, किती कुटुंबांची मुलाखत घेतली, प्रश्नावली कुणी बनवली, माहिती एसपीएसएसमध्ये भरली की एक्सेलमध्ये, हे लिहावं. भाषा येणं हीसुद्धा पात्रताच आहे. मेळघाटातल्या कुपोषणावर काम करणाऱ्या प्रकल्पाला कोरकू बोलणारा माणूस सोन्याहून मोलाचा असतो. गडचिरोलीत गोंडीचं आणि नंदुरबारला भिली बोलींचं तेच. हे बायोडेटाच्या तळाशी ‘अवगत भाषा’ या ओळीत लपवू नका, वर आणा.

अर्जाबरोबर किंवा आधी पीआयला छोटी ईमेल करायला हरकत नाही. इंग्रजीत लिहिलेली बरी, पण सरळ लिहा: आपण कोण, त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला आणि त्यातलं काय आपल्या कामाशी जुळतं, आणि एकच प्रश्न, प्रकल्पाचा किती कालावधी शिल्लक आहे? आठ-दहा ओळींपेक्षा जास्त नको. एकच मजकूर चाळीस जणांना एकदम पाठवलेला लगेच ओळखू येतो आणि तो न वाचताच बाजूला पडतो.

ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं समजू नका. बऱ्याच विद्यापीठांत अर्जाची छापील प्रत, स्वसाक्षांकित कागदपत्रांसह, कुलसचिवांच्या कार्यालयात किंवा विभागात ठरल्या तारखेपर्यंत पोचावी लागते. ‘टपालातील विलंबास विद्यापीठ जबाबदार नाही’ हे वाक्य अक्षरशः पाळलं जातं. शक्य असेल तर स्वतः जाऊन आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. आधीच कुठे नोकरीत असाल तर अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत, पाठवा किंवा ना हरकत प्रमाणपत्र जोडा.

मुलाखत

प्रकल्पाच्या जागांना बहुतेक थेट मुलाखत असते. समितीत साधारणपणे पीआय, विभागप्रमुख, एखादा बाहेरचा तज्ज्ञ आणि प्रशासनाचा प्रतिनिधी असतो. प्रवासखर्च मिळत नाही. मूळ कागदपत्रं, छायाप्रतींचा एक संच, फोटो आणि प्रबंधाची प्रत घेऊन जा.

पहिला प्रश्न बहुतेक तुमच्या एम.एस्सी. किंवा एम.ए.च्या प्रबंधावर असतो, आणि मुलं तिथेच अडखळतात. प्रबंधातला प्रत्येक आलेख, प्रत्येक तक्ता ‘हा असाच का आला?’ या प्रश्नाला तयार ठेवा. दुसरा भाग मूलभूत संकल्पनांचा असतो. तिसरा भाग प्रकल्पाचा: पीआयचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून जाणारा उमेदवार समितीला लगेच वेगळा दिसतो. एखादी गोष्ट इंग्रजीत मांडताना अडकलात तर ‘मराठीत सांगू का?’ असं मोकळेपणाने विचारा. राज्यातल्या विद्यापीठांत त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही, आणि संकल्पना स्वच्छ आहे हे दिसलं की समितीचं समाधान होतं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं विचारलं तर पीएच.डी.चं विचारा. प्रकल्पात रुजू झालं म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला असं होत नाही. त्यासाठी विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेटची पात्रता, मार्गदर्शकाकडे रिक्त जागा आणि संशोधन केंद्राची मुलाखत ही वेगळी वाट चालावी लागते. जून 2024 च्या सत्रापासून युजीसी-नेटच्या निकालात ‘फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असाही एक गट असतो. त्या गुणांची मुदत एक वर्ष असते, म्हणून ते वर्ष वाया घालवू नका.

सहायक प्राध्यापक पदाचं गणित

जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक पदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. (महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं.) हे वाचून अनेकांनी पीएच.डी.चा विचारच बाजूला ठेवला. पण युजीसीच्या 2018 च्या नियमांत विद्यापीठातल्या पदाच्या छाननीसाठी 100 गुणांचा तक्ता आहे, तो मांडून पाहा. पदवीला 80 टक्क्यांच्या वर 15 गुण, 60 ते 80 ला 13. पदव्युत्तरला तसेच 25 आणि 23. पीएच.डी.ला 30. नेटमध्येच जेआरएफची अधिछात्रवृत्तीही मिळाली असेल तर 7, नुसत्या नेटला 5, सेटला 3. प्रत्येक शोधनिबंधाला 2, जास्तीत जास्त 10. अध्यापनाच्या किंवा पोस्ट-डॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) प्रत्येक वर्षाला 2, जास्तीत जास्त 10. पुरस्कारांना 3 पर्यंत.

आता दोन उमेदवार घ्या. पहिलीला बी.एस्सी.ला 82 टक्के, एम.एस्सी.ला 81 आणि नेट-जेआरएफ. तिचे 15, 25 आणि 7 मिळून 47. दुसऱ्याला 72 आणि 68 टक्के, सेट, पीएच.डी., तीन शोधनिबंध आणि दोन वर्षांचा अनुभव. त्याचे 13, 23, 3, 30, 6 आणि 4 मिळून 79. मुलाखतीचं बोलावणं कुणाला येईल हे सांगायला नको. म्हणून जेआरएफ मिळालेल्यांनी पीएच.डी. पूर्ण करणं हाच शहाणपणाचा रस्ता आहे. छाननीचे गुण आणि मुलाखतीचे गुण यांचं प्रमाण राज्य शासन स्वतंत्र निर्णयांनी ठरवू शकतं. जाहिरातीत ज्या शासन निर्णयाचा उल्लेख असेल तो उतरवून घेऊन पूर्ण वाचा.

शोधनिबंध पैसे देऊन कुठेही छापू नका. युजीसीने केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं, त्यामुळे नियतकालिकाची पारख आता विभागाच्या आणि तुमच्या हातात आहे. मुलाखतीत तज्ज्ञ नियतकालिकाचं नाव वाचतात आणि त्यांना ते कळतं.

शिक्षकेतर पदं

इथे शर्यत मोठी असते, पण नियम स्वच्छ असतात. लिपिक-टंकलेखकासाठी पदवी, मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट टंकलेखन आणि एमएस-सीआयटी किंवा समकक्ष, हे सर्वसाधारण निकष. वेतनस्तर एस-6, म्हणजे 19,900 ते 63,200, अधिक भत्ते. वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. टंकलेखनाचं प्रमाणपत्र हातात असणं आणि परीक्षेच्या दिवशी तो वेग येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रोज अर्धा तास सराव सुरू ठेवा.

रुजू होताना आणि सोडताना

नियुक्तिपत्र हाती आल्याशिवाय कामाला लागू नका, पीआय कितीही चांगले असले तरी. त्यात पद, रक्कम, घरभाडं, कालावधी आणि नोटीसचा काळ लिहिलेला आहे का ते पाहा. प्रकल्पाचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि कधीकधी तीन-चार महिने अडकतो. त्यामुळे पहिल्या तिमाहीचा खर्च भागेल एवढी सोय आधी करून जा, आणि पगार थकला तर दर महिन्याला लेखी विचारणा करा. जेआरएफ म्हणून दोन वर्षं झाली की एसआरएफसाठी आढावा समिती बसते. ती आपोआप बसत नाही, पीआयना वेळेवर आठवण करावी लागते.

सोडताना अनुभव प्रमाणपत्र घ्या. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्या ओळीचा पुढे उपयोग होत नाही. पदाचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, दरमहा रक्कम, प्रकल्पाचं नाव आणि मंजुरी क्रमांक, जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्का, हे सगळं त्यावर हवं. अध्यापनाचा अनुभव असेल तर मूळ जाहिरात, निवड समितीच्या निर्णयाची प्रत, नियुक्तिपत्र आणि विद्यापीठाचं मान्यतापत्र एका फाइलमध्ये ठेवा. पुढे थेट भरतीत किंवा बढतीत तात्पुरती सेवा धरायची झाली तर युजीसीचे नियम हेच विचारतात: निवड रीतसर समितीने केली होती का, आणि एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी तर नव्हता ना. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांचं या शेवटच्या अटीने फार नुकसान होतं. म्हणून निव्वळ तासिकांच्या भरवशावर वर्षं काढण्यापेक्षा त्याच काळात पीएच.डी.ची नोंदणी करून घ्या. रजा न घेता शिकवत असतानाच पीएच.डी. केली, तर शिकवण्याचा तो काळ अनुभवातून वगळला जात नाही.